ताजी बिअर वस्तीतच मिळते

सॅन फ्रान्सिस्कोच्या लोअर हाइट भागात टोरोनाडो नावाचा एक बार आहे. डेव्हिड कीन यांनी तो १९८७ मध्ये सुरू केला. बाहेरून पाहणाऱ्याला आत जावंसं वाटेल असं त्यात काही नाही. अर्धं उघडं दार, आत मंद उजेड, हात घासून घासून गुळगुळीत झालेला काउंटर, भिंतींवर वर्षानुवर्षं चिकटत गेलेले ब्रुअरींचे स्टिकर. पण नजर वर गेली की फळ्यावर चाळीसहून अधिक बिअरची नावं दिसतात. अमेरिकेत बिअर बनवणारी माणसं या जागेला किती मानतात याची एक खूण सांगतो. २००७ मध्ये बारला वीस वर्षं झाली, तेव्हा रशियन रिव्हर या नामवंत ब्रुअरीनं त्यासाठी खास बिअर तयार केली. शहरात चकचकीत हॉटेलं ढिगानं असताना हा मान एका जुनाट, गल्लीतल्या बारला मिळाला.

मुंबई-पुण्यातल्या वाचकाला हे उलटं वाटेल. आपल्या शहरांत प्यायच्या जागांचे दोन वर्ग पडले आहेत. एकीकडे काळ्या काचांचं परमिट रूम. तिथं बाटलीतली स्ट्राँग बिअर आणि क्वार्टर मिळते, चकणा मिळतो आणि गिऱ्हाइकाला कोणी ओळखीचं दिसू नये अशी सोय मिळते. दुसरीकडे मॉलमध्ये किंवा ऑफिसांच्या वसाहतीत थाटलेली मायक्रोब्रुअरी. तिथं बिअर उत्तम असते, पण एक ग्लास अनेकदा तीनशे रुपयांच्या पुढं जातो. म्हणजे साधी जागा हवी तर वाईट बिअर प्या आणि चांगली बिअर हवी तर आपला वर्ग बदला. ही विभागणी आपण निसर्गनियमासारखी मान्य केली आहे. मला वाटतं, ती कायद्यानं आणि भाड्यानं घडवलेली आहे आणि म्हणून ती बदलता येते. ती बदलली पाहिजे, आणि पिणाऱ्यांइतकंच त्यांच्यासोबत ज्यांना राहावं लागतं त्यांच्या हितासाठी बदलली पाहिजे.

आधी बिअरचाच स्वभाव पाहू. दारूच्या दुकानातल्या बहुतेक बाटल्या वर्षानुवर्षं टिकतात. व्हिस्की कपाटात ठेवली तरी तिचं फारसं बिघडत नाही. बिअरचं तसं नाही. हॉप्स या वेलीच्या फुलोऱ्यातून बिअरला जो कडवटपणा आणि लिंबाच्या सालीसारखा, गवतासारखा, कधी पिकल्या फळासारखा वास मिळतो, तो आठवड्या-आठवड्यानं उडत जातो. हवा लागली की चवीत ओल्या पुठ्ठ्यासारखा वास उतरतो. ऊन लागलं की ती उग्र घाण मारू लागते. काही जड बिअर मुरवून पितात हे खरं, पण रोजच्या पिण्यातली बहुतेक बिअर ताजीच प्यायची असते. पिंपापासून नळापर्यंतच्या नळ्यांमध्ये साका धरतो. अमेरिकेतल्या छोट्या ब्रुअरींची संघटना सांगते की या नळ्या दर दोन आठवड्यांनी धुतल्या पाहिजेत. म्हणजे उत्तम बिअर बनवणं हे अर्धंच काम झालं. उरलेलं अर्धं काम बारमालकाचं: थंड खोली, स्वच्छ नळ्या, स्वच्छ ग्लास आणि उघडलेलं पिंप वेळेत संपवणारी माणसं.

यातली शेवटची गोष्ट पैशानं विकत मिळत नाही. अमेरिकेतल्या मोठ्या पिंपात सुमारे ५८ लिटर बिअर मावते, म्हणजे सव्वाशेच्या आसपास ग्लास. चाळीस नळ चालू ठेवायचे तर चाळीस पिंपं एकाच वेळी उघडी असतात. ती शिळी होण्याआधी संपायची असतील, तर दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत लोक येत राहिले पाहिजेत. असे लोक कोण? सुटीला एकदा येणारा पर्यटक नव्हे. कामावरून घरी जाताना एक ग्लास घेणारा, शेजारच्या इमारतीत राहणारा, मंगळवारी पाऊस पडत असतानाही येणारा माणूस. त्याला तो ग्लास परवडला पाहिजे आणि येण्यासाठी कपडे बदलावे लागता कामा नयेत. महागड्या जागेत गर्दी शुक्रवारी-शनिवारी असते आणि मधले दिवस पिंप नुसतं उभं राहतं. साधेपणा हा अशा बारचा नुसता रंगढंग नसतो. बिअर ताजी राहण्याचं ते एक कारणच असतं. वस्ती पिते म्हणून बिअर ताजी राहते आणि बिअर ताजी असते म्हणून वस्ती येते.

मराठी माणसाला हे पटायला जड जाऊ नये. कोल्हापुरात किंवा नाशकात उत्तम मिसळ खायची तर आपण पंचतारांकित हॉटेलात जात नाही. सकाळपासून ज्याच्या दारात रांग लागते आणि दुपारपर्यंत ज्याचा कट संपतो त्याच्याकडे जातो. तिथली बाकं डुगडुगत असली तरी चालतं, कारण मालकाचं सगळं लक्ष आणि पैसा पातेल्यात गेलेला असतो. हाच न्याय आपण बिअरला लावत नाही, कारण ती साध्या जागेत चांगली मिळू शकते हे आपल्याला कोणी दाखवलेलंच नाही.

टोरोनाडोसारखी जागा अमेरिकेत उभी राहिली ती केवळ एका माणसाच्या हौसेमुळं नाही. तिच्यामागं कायद्याचे दोन जुने निर्णय आहेत. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. त्याआधीची मद्यालयं बहुतांशी ब्रुअरींच्या ताब्यात असत. ब्रुअरी जागा द्यायची, सामान द्यायची, उधारी द्यायची आणि मालकानं तिचीच बिअर जितकी खपेल तितकी खपवायची. मजुराचा पगार तिथं बुडायचा आणि घरी बायको-मुलं उपाशी राहायची. दारूबंदीच्या चळवळीत स्त्रिया आघाडीवर होत्या त्या यामुळं. १९३३ मध्ये बंदी उठली तेव्हा राज्यांनी एक धडा लक्षात ठेवला: बिअर बनवणाऱ्यानं बार ताब्यात ठेवायचा नाही. बनवणारा, घाऊक व्यापारी आणि विकणारा हे तिघं वेगळे ठेवले गेले. या व्यवस्थेचे तोटे आहेत. घाऊक व्यापाऱ्यांची दादागिरी हा त्यातला एक. पण तिच्यामुळं गल्लीतल्या बारमालकाच्या हाती एक मोठी गोष्ट आली. आपल्या नळातून काय वाहायचं हे तो स्वतः ठरवू शकला.

दुसरा निर्णय १९७८ चा. दारूबंदी उठली तेव्हा घरी वाइन करायला परवानगी मिळाली, पण बिअर तशीच राहून गेली. ही चूक पंचेचाळीस वर्षांनी दुरुस्त झाली. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यानं घरगुती बिअरवरचा केंद्रीय कर आणि बंदी उठली. त्या वेळी देशभरात शंभराहूनही कमी ब्रुअरी उरल्या होत्या आणि त्यांतल्या बहुतेक एकाच चवीची फिकट लागर बनवत होत्या. सॅन फ्रान्सिस्कोत १९६५ मध्ये फ्रिट्झ मेटॅग या तरुणानं अँकर ही बुडत चाललेली ब्रुअरी विकत घेऊन वेगळी वाट धरली होती. १९७६ मध्ये सोनोमात जॅक मकॉलिफ यांनी न्यू अल्बियन नावाची अगदी छोटी ब्रुअरी काढली. ती सहा-सात वर्षांत बंद पडली, पण वाट पाडून गेली. १९८० मध्ये केन ग्रॉसमन यांच्या सिएरा नेवाडानं चिको गावात बिअर बनवायला सुरुवात केली. आज त्या देशात नऊ हजारांहून अधिक ब्रुअरी आहेत. स्वयंपाकघरात शिकलेल्या माणसांनी एका उद्योगाचं रूप पालटलं.

पण या माणसांची बिअर सुरुवातीला विकणार कोण? मोठ्या हॉटेलांना ठरलेला ब्रँड हवा होता, ठरलेली सवलत हवी होती. नव्या बिअरला नळ दिला तो ज्यांच्या मालकाला स्वतःची जीभ होती अशा छोट्या बारांनी. रशियन रिव्हरच्या व्हिनी सिलर्झो यांनी प्लिनी द एल्डर ही आज जगभर नावाजलेली कडवट बिअर पहिल्यांदा केली ती अशाच एका बारसाठी. हेवर्ड गावातल्या बिस्ट्रो या बारनं डबल आयपीए या जास्त कडवट बिअरचा मेळा भरवला होता, त्यासाठी. ब्रुअरी आणि बार यांचं हे नातं समजून घेतल्याशिवाय तिथल्या बिअरचा इतिहास कळत नाही. बारनं ब्रुअरीला गिऱ्हाईक दिलं. गिऱ्हाइकानं काउंटरवर बसून चव शिकली. बारटेंडर घोटभर चाखायला द्यायचा, कोणती कडवट, कोणती आंबट, कोणती जपून प्यायची हे सांगायचा. आयुष्यभर एकच फिकट बिअर प्यायलेला सुतार या मार्गानं जाणकार झाला. त्यासाठी त्याला कुठल्या वर्गाला बसावं लागलं नाही.

इंग्लंडची गोष्ट याहून शिकवणारी आहे. तिथल्या पबची ख्याती मोठी, पण विसाव्या शतकात बहुतेक पब मोठ्या ब्रुअरींच्या मालकीचे झाले. त्यांनी पिंपात जिवंत राहणारी पारंपरिक एल काढून टाकून कारखान्यात मारून-गाळून तयार केलेली बिअर आणली. त्याविरुद्ध १९७१ मध्ये काही बिअरप्रेमींनी काम्रा ही ग्राहकांची चळवळ उभी केली. १९८९ मध्ये सरकारनं आदेश काढून मोठ्या ब्रुअरींना किती पब बांधून ठेवता येतील यावर मर्यादा घातली. हेतू चांगला होता, पण ब्रुअरींच्या हातून सुटलेले पब मोठ्या मालमत्ता कंपन्यांच्या हातात गेले आणि त्यांनी भाडं वाढवत नेलं. मालकी एका बड्या हातातून दुसऱ्या बड्या हातात गेली, तर वस्तीच्या हाती काही लागत नाही.

मग २००५ मध्ये केंट परगण्यातल्या हर्न गावी मार्टिन हिलियर यांनी एका छोट्याशा खोलीत पब उघडला. आधी तिथं खाटकाचं दुकान होतं, म्हणून नाव बुचर्स आर्म्स. मोजकी पिंपं, मोजकी माणसं बसतील इतकीच जागा, संगीत नाही, यंत्रं नाहीत. पारंपरिक एलचं पिंप उघडल्यावर साधारण तीन दिवसांत संपवावं लागतं. तिथल्या लहान पिंपात ७२ पाइंट, म्हणजे ७२ ग्लास मावतात. म्हणजे दिवसाला चोवीस ग्लास गेले की बिअर ताजी राहिली. चोवीस ग्लास म्हणजे डझनभर शेजारी. इतक्या कमी माणसांवर उत्तम बिअर देता येते, फक्त खोली लहान, भाडं कमी आणि परवाना सोपा हवा. त्याच वर्षी परवान्यांचा नवा कायदा लागू झाला होता. परवाना देण्याचं काम न्यायाधीशांकडून स्थानिक परिषदेकडं आलं होतं आणि ‘इथं आणखी एका पबची गरज काय?’ या आक्षेपाचा आधार गेला होता. जुन्या व्यवस्थेत आजूबाजूचे पबवालेच हा आक्षेप घेऊन नव्या माणसाला अडवत. हिलियर यांच्या वाटेनं नंतर देशभर शेकडो मायक्रोपब निघाले. बंद पडलेली पोस्टं, फुलांची दुकानं, न्हाव्यांची दुकानं यांत ते सुरू झाले. ज्या काळात मोठे पब धडाधड बंद होत होते, त्याच काळात ही लहान दारं उघडत होती. खोलीचा आकार आणि परवान्याचं एक कलम, एवढ्यावर एका देशातल्या संध्याकाळी बदलल्या.

अशा जागेची समाजाला गरज काय, हा पुढचा प्रश्न. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी १९८९ मध्ये ‘द ग्रेट गुड प्लेस’ या पुस्तकात घर आणि कामाचं ठिकाण यांच्याखेरीज तिसऱ्या जागेचा विचार मांडला. तिथं जायला बोलावणं लागत नाही, पदवी-पगार विचारला जात नाही आणि मुख्य काम म्हणजे बोलणं. आपल्याकडं गावचा पार होता, चाळीची गॅलरी होती, इराण्याचं हॉटेल होतं, मंदिराबाहेरचा कट्टा होता. शहरं वाढली तशा या जागा आक्रसल्या. पार रस्तारुंदीकरणात गेला, इराण्याच्या जागी बँकेचं एटीएम आलं, चाळीचा टॉवर झाला आणि टॉवरच्या दारात रखवालदार बसला. नोकरीसाठी परगावाहून आलेल्या एकट्या माणसाला संध्याकाळी कुणाशी चार शब्द बोलायचे तर तो कुठं जाणार? पैसे खर्च करून एखाद्या टेबलाशी बसता येतं, पण तिथं प्रत्येक टेबल स्वतःच्या कोंडाळ्यात असतं. बारच्या काउंटरची रचना वेगळी असते. माणसं खांद्याला खांदा लावून बसतात, समोर बारटेंडर असतो, अनोळखी माणसाला ‘ही बिअर कशी आहे?’ एवढं विचारलं तरी संभाषण सुरू होतं. परदेशात गेलेल्या कितीतरी मराठी तरुणांना त्या देशातला पहिला बिगर-ऑफिस परिचय अशाच काउंटरवर झालेला मी पाहिला आहे.

मात्र या काउंटरच्या समतेचं कौतुक करताना तिच्या भिंतीही पाहिल्या पाहिजेत. न्यूयॉर्कचा मॅक्सॉर्लीज हा जुना बार शतकाहून अधिक काळ स्त्रियांना आत घेत नव्हता. १९७० मध्ये न्यायालयाच्या निकालानंतर त्याचं दार उघडलं. टोरोनाडो जिथं आहे त्या लोअर हाइटला लागून असलेल्या फिल्मोर भागातून शहराच्या पुनर्विकासानं हजारो कृष्णवर्णीय कुटुंबांना बाहेर काढलं. अमेरिकेतल्या छोट्या ब्रुअरींच्या जगावर आजही गोऱ्या पुरुषांचा वरचष्मा आहे. तेव्हा ‘वस्तीचा बार’ म्हणताना कोणती वस्ती, हा प्रश्न टाळता येत नाही. साधी जागा आपोआप सर्वांची होत नाही. कायद्यानं आणि मालकाच्या रोजच्या वागण्यानं ती सर्वांची करावी लागते.

ती टिकवावीही लागते. जागा लोकप्रिय झाली की घरमालक भाडं वाढवतो. बिअर लोकप्रिय झाली की बडी कंपनी ब्रुअरी विकत घेते. शिकागोची गूस आयलंड २०११ मध्ये जगातल्या सर्वांत मोठ्या बिअर कंपनीकडं गेली. पेटालुमाची लागुनिटास पुढं पूर्णपणे हायनेकेनची झाली. मेटॅग यांनी वाचवलेली अँकर २०१७ मध्ये सापोरोनं घेतली आणि २०२३ मध्ये बंद केली. पुढच्या वर्षी ती एका नव्या मालकानं विकत घेतली. ज्या शहरानं या बिअरला जन्म दिला, तिथंच तिची मूळ ब्रुअरी थंड पडली. यावर उपाय शोधले गेले आहेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी २०१५ मध्ये जुन्या स्थानिक धंद्यांसाठी निधी मंजूर केला. अशा धंद्याला दीर्घ मुदतीचा भाडेकरार देणाऱ्या घरमालकालाही त्यातून अनुदान मिळतं. इंग्लंडमध्ये २०११ च्या कायद्यानं वस्तीला मोलाच्या वाटणाऱ्या इमारती नोंदवण्याचा हक्क लोकांना दिला. त्याच्या आधारानं दक्षिण लंडनमधला आयव्ही हाउस हा पब २०१३ मध्ये शेजाऱ्यांनी भागभांडवल गोळा करून विकत घेतला. वाचनालय किंवा तालीम वाचवावी तसा त्यांनी पब वाचवला.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. दारूनं घरं उद्ध्वस्त होतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की आरोग्याला सुरक्षित असं मद्याचं प्रमाण नाही. महाराष्ट्रात ज्या बायकांनी गावोगाव बाटली आडवी करण्यासाठी मतदान घडवलं, त्यांनी दारूचा अर्थ पुस्तकातून वाचलेला नव्हता. त्यांनी तो अंगावर सोसला होता. त्यांच्यासमोर उभं राहून बिअरच्या चवीचं गुणगान करणं मला जमणार नाही आणि जमूही नये. मी जे मांडतो आहे ते त्यांच्या अनुभवाच्या बाजूनं उभं राहून मांडता येतं का, हीच या विचाराची कसोटी आहे. मला वाटतं, येतं.

महाराष्ट्रात दारूचा कायदा आजही मुळात बंदीचाच कायदा आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानं पिणं गुन्हा ठरवलं आणि परवाना हा अपवाद ठरवला. मोरारजी देसाईंच्या काळात बंदी कडक झाली, तेव्हा मुंबईत घराघरांत आंटीचे अड्डे चालू झाले. साठच्या दशकापासून बंदी सैल होत गेली, पण कायद्याची चौकट तीच राहिली. आजही राज्यात प्यायला परमिट लागतं. एका दिवसाचं परमिट पाच रुपयांत मिळतं आणि बहुतेकांनी ते कधी पाहिलेलंही नसतं. जो कायदा सगळे मोडतात तो पिणाऱ्याला शिस्त लावत नाही. तो पिण्याला लपवतो आणि हप्त्याला जागा करून देतो. परमिट रूमच्या काळ्या काचा या लपवण्यातून आल्या. लपून पिणारा माणूस भराभर पितो, कडक पितो, एकटा पितो. देशात खपणाऱ्या बिअरमध्ये स्ट्राँग बिअरचा वाटा प्रचंड आहे, कारण गिऱ्हाईक चवीचा नव्हे, रुपयाला किती नशा याचा हिशोब करतं. ज्याला तोही हिशोब परवडत नाही तो हातभट्टीकडं वळतो. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभराहून अधिक माणसं मेली. जिल्हा पातळीवरची बंदीही पाहून झाली. चंद्रपुरात २०१५ मध्ये ती आली आणि २०२१ मध्ये उठवावी लागली. गडचिरोलीत १९९३ पासून चालू असलेल्या बंदीमागं लोकांची मोठी चळवळ आहे. तिचा मला आदर आहे. तिथल्या लोकांनी ती मागितली आहे, ती त्यांची आहे. पण मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर इथं माणसं पिणार आहेत हे सरकारलाही ठाऊक आहे. दारूच्या महसुलावर त्याचं अंदाजपत्रक उभं असतं. मग प्रश्न उरतो तो कसं, कुठं, काय आणि कुणाच्या नजरेसमोर पिणार, हा.

चांगल्या बिअरनं या प्रश्नात शिरकाव केला, पण चुकीच्या दारानं. २००९ मध्ये पुण्यात डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली आणि महाराष्ट्रात ताज्या, नळातल्या, नाना चवींच्या बिअरचं युग सुरू झालं. पुढं मुंबईत त्यांनी काढलेल्या टॅपरूममध्ये साधं फर्निचर, टेबलांवर पटावरचे खेळ आणि एकट्या बाईलाही निवांत बसता येईल असं वातावरण होतं. दिशा योग्य होती. पण परवान्याचे खर्च, कर आणि शहरातली भाडी यांनी ही बिअर साध्या पगाराच्या माणसाच्या हातातून दूर ठेवली. परिणामी हलकी, ताजी बिअर सुस्थितांची झाली आणि कडक, शिळी बाटली कष्टकऱ्यांच्या वाट्याला आली. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीनं यापेक्षा उफराटी व्यवस्था सुचणं अवघड आहे.

जवळच गोव्यात वेगळी परंपरा आहे. तिथलं ताव्हेर्न, म्हणजे छोटं मद्यालय, बहुधा घराच्या पुढच्या खोलीत असायचं. मालकीण आतल्या स्वयंपाकघरातून ये-जा करायची. गिऱ्हाइकं तिला नावानं ओळखायची आणि ती त्यांच्या घरच्यांना. जास्त झालेल्याला पुढचा पेला न देण्याचा अधिकार तिच्याकडं होता आणि त्याला घरी पोचवण्याची जबाबदारीही वस्तीवर होती. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ज्या खोल्यांमध्ये ती प्यायली जायची त्या कमी होत गेल्या. पणजीच्या फोंतेन्हासमधल्या जोसेफ बारसारख्या चिमुकल्या जागेत आज जुनी पिढी आणि नवी पिढी एकाच गल्लीत उभी राहून पिताना दिसते. मद्य आणि शेजार एकत्र नांदू शकतात, हे आपल्या शेजारच्या राज्यानंच दाखवलं आहे.

यातून महाराष्ट्रासाठी काही ठोस गोष्टी निघतात. पहिली, छोट्या जागेचा वेगळा परवाना. बसायला मोजकी माणसं, विकायला फक्त कमी मद्यांशाची बिअर, आणि जागेच्या व मद्यांशाच्या प्रमाणात कमी फी. दुसरी, छोट्या ब्रुअरींना अशा जागांना पिंपं पुरवायची मोकळीक आणि कोणत्याही बड्या कंपनीनं अशी जागा उधारीनं किंवा फर्निचर-फ्रिज देऊन बांधून ठेवायला बंदी. अमेरिकेनं १९३३ मध्ये शिकलेला धडा आपण शंभर वर्षांनी तरी घ्यावा. तिसरी, कर बाटलीपेक्षा तिच्यातल्या मद्यांशावर चढत जावा. हलकं पिणं स्वस्त आणि कडक पिणं महाग पडावं, हे साधं तत्त्व आहे.

चौथी गोष्ट माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. आडव्या बाटलीच्या मतदानानं स्त्रियांना दारूचं दुकान बंद करण्याचा हक्क दिला आहे. २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर मतदान होतं आणि ठरलेलं बहुमत मिळालं तर दुकान बंद होतं. हा हक्क पुढं न्यावा. वस्तीत असा बार निघायचा असेल तर त्याच्या अटी वॉर्डातल्या स्त्रियांनी ठरवाव्यात. काच पारदर्शक असावी. आत पुरेसा उजेड, स्वच्छ स्वच्छतागृह आणि पोटभर खाणं असावं. बंद होण्याची वेळ लवकरची असावी. दोन वर्षांनी परवान्याचं नूतनीकरण त्यांच्या मतावर अवलंबून असावं. आज त्यांच्यासमोर पर्याय फक्त बंद किंवा चालू एवढाच असतो, म्हणून त्या बंद निवडतात आणि त्यांचं बरोबर असतं. गुत्त्याला कोणती बाई मत देईल? पण जिथं ती स्वतः संध्याकाळी मैत्रिणीबरोबर बसू शकेल, जिथं आपला नवरा किती ग्लास प्यायला हे काउंटरवरचा माणूस आणि शेजारी दोघांनाही ठाऊक असेल, तिथं तिचं मत वेगळं पडू शकतं. न पडलं तर बार निघू नये. वस्तीचा बार म्हणायचा तर वस्तीची अर्धी माणसं त्यात हवीतच, पिण्यासाठी किंवा निदान नकार देण्यासाठी.

चांगली बिअर ही चैनीची वस्तू आहे असं मानणं आपण सोडलं पाहिजे. चैन आहे ती मॉलच्या भाड्याची, दिव्यांची आणि दारावरच्या रखवालदाराची. बिअरला लागतं जवाचं माल्ट, हॉप्स, पाणी, यीस्ट, थंड खोली, धुतलेली नळी आणि रोज येणारे डझनभर शेजारी. यातलं कोणतंही साधन कांजूरमार्गला, भोसरीला किंवा सातपूरला मिळणार नाही असं नाही. जो कामगार आठ-दहा तास उभं राहून परततो त्यालाही उजेडात, ओळखीच्या माणसांत बसून एक ताजा, हलका ग्लास पिण्याचा आणि मग शुद्धीत घरी जाण्याचा हक्क आहे. जे सरकार त्याच्या नशेवर कर घेतं, त्यानं त्याच्या चवीचा आणि त्याच्या घरच्यांच्या शांततेचाही विचार करायला हवा. त्यासाठी नवी बंदी नको आणि नवी मोकाट सूटही नको. लहान खोली, कमी फी, हलकी बिअर आणि बायकांचं मत या चार गोष्टी एका कायद्यात एकत्र आल्या, तर काळ्या काचा आपोआप उतरतील.